आवाज शून्यावर

बोलतोय मी. ऐकू येतंय ना? सवयीने विचारलं हो. हाच प्रश्न विचारत माझं सगळं आयुष्य गेलंय, आणि बहुतेक वेळा पलीकडून काही उत्तर आलेलं नाही.

मी साउंड कार्ड. जुन्या कम्प्युटरच्या पोटात खोचलेली एक हिरवी पट्टी. त्या काळी कम्प्युटर जवळजवळ मुकाच असायचा, फार तर 'पीं' करायचा. त्याला बोलतं करायचं तर माझ्यासारखं कुणीतरी वेगळं आणून बसवावं लागे. आता सगळे कम्प्युटर जन्मतःच बडबडे असतात, त्यामुळे आम्हाला कोण विचारतो! मला डोळे नाहीत. पाठीला माइक जोडायचं एक भोक आहे, तोच माझा कान. म्हणून जे कानावर पडलं तेवढंच सांगतो. 'मी पाहिलं' असं कुठे म्हणालो तर खुशाल थापाड्या म्हणा.

भारीतला मी कधीच नव्हतो. दुकानात माझ्या शेजारी नावाजलेली कार्डं चकचकीत खोक्यांत बसलेली, आणि मी साध्या पुठ्ठ्यात. एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन आले. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "वाजतं ना?" दुकानदार म्हणाला, "वाजतं की!" "मग हेच द्या." झाली माझी निवड. ही गोष्ट त्यांची मुलगी पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला बाबांची नक्कल करून सांगायची, म्हणून मला ठाऊक.

त्या घरात बाबा, ताई आणि तिचा धाकटा भाऊ छोटू. आई लवकर गेलेली, त्यामुळे ताईच अर्धी आई. मी आलो तसा घरात एक खेळही आला. नदीतून दोन बोटी निघतात, जी आधी दीपगृहाला पोचेल ती जिंकली. कीबोर्ड एकच. डावीकडची बटणं ताईची, उजवीकडची छोटूची.

खेळ सुरू करण्याआधी विचारायचा, 'तुमचं कार्ड कोणतं?' पुढे नावांची लांबलचक यादी. बाबांनी पहिलं नाव दिसलं ते ठोकून दिलं.

"बाबा, नीट वाचा ना," ताई म्हणाली.

"वाचायचंय काय त्यात? आवाज आला की नाही? मग!"

आवाज आला, पण काय आला! त्यांनी निवडलेल्या कार्डात वाद्यं एका क्रमाने बसवलेली, माझ्यात दुसऱ्याच. खेळ मला सांगायचा, अमक्या नंबरचं वाद्य वाजव. त्याच्या हिशेबाने ती बासरी, आणि माझ्याकडे त्या नंबरावर बसलेला भोंगा. मी हुकमाचा ताबेदार, वाजवला भोंगा. बोट बुडाली की एक गंभीर, दुःखी धून यायची. ती माझ्यातून अशी निघायची की घशात काटा अडकलेलं बदक शोकसभेत भाषण करतंय. मुलं हसून हसून लोळायची. ते बदक ऐकायला मुद्दाम बोटी बुडवायची. संगीतकाराने जीव ओतून केलेल्या धुनेचं मी पार मातेरं केलं, आणि त्या घरात कुणाला पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी खेळ असाच होता. इतका लाडका मी पुढे कधीच झालो नाही.

मग व्हायचं ते झालं. ताई लग्न होऊन दूर गेली. छोटू शिकायला गेला, तिकडेच नोकरीला लागला. कम्प्युटर भंगारात निघाला. जाताना बाबांनी मला तेवढं उपटून घेतलं आणि स्क्रूंच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. "चांगलं आहे, लागेल कधीतरी," हे मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर माइक सुटला आणि सगळं बंद.

डब्यातली वर्षं कशी होती असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं काहीच नाही. निदान खोलीतली शांतता ऐकू येते. मला तीसुद्धा येत नव्हती. लोक म्हणतात, एकटेपणात माणूस विचार करतो. मी कसला विचार करणार? मला सांगायला कुणीतरी लागतं, हे वाजव, ते वाजव. कुणी काही सांगतच नव्हतं.

पुन्हा कुणीतरी मला कम्प्युटरमध्ये खोचून माइक जोडला आणि कान उघडला, तेव्हा दोन पुरुष बोलत होते. एक आवाज जाड, थकलेला. तो छोटू होता, हे कळायला मला बराच वेळ लागला. दुसरा त्याचा मित्र. जुने कम्प्युटर दुरुस्त करायचा त्याला नाद, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. छोटूने तसाच जुना कम्प्युटर जुळवला होता आणि एकेक साउंड कार्ड लावून बघत त्यात कोणतं ठेवावं यावर दोघांचा खल चालला होता. टेबलावर एकाहून एक नामवंत कार्डं मांडलेली. छोटूने ती कुठून कुठून मिळवलेली. बाबांच्या डब्यातला मी सगळ्यात शेवटी खोचलेला.

"हा डबडा कशाला?" डॉक्टर म्हणाला. "नुसता शूऽऽ करतो मागे. ते दुसरं घाल, अस्सल आहे. वाद्यवृंद समोर बसल्यासारखा वाटतो."

"घातलं होतं. छान वाजतं."

"मग?"

"आमचं नाही वाटत."

"अरे, खेळ तोच, धून तीच. आमचं-तुमचं काय असतं त्यात? तुझं डोकं फिरलंय."

 छोटू हळूच म्हणाला, "ताई येतेय."

मग त्याने डॉक्टरला झालेलं सांगितलं, तेव्हा कुठे मला सगळं समजलं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ताईच त्यांच्या उशाशी होती. छोटू येतो येतो म्हणत राहिला आणि पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरभर माणसं असताना त्याने ताईला विचारलं, "मला आधी का नाही कळवलंस?" ताई म्हणाली, "रोज कळवत होते." बस्स. त्यानंतर फक्त वाढदिवसाचे मेसेज, तेही दोन शब्दांचे. आता कुठल्याशा कामाने ती याच शहरात येणार होती, आणि तासभर घरी येऊन जाईन म्हणाली होती.

"मला तिच्याशी बोलता येत नाही रे," छोटू म्हणाला. "तोंड उघडलं की चुकीचंच बाहेर पडतं. म्हटलं, हा खेळ लावीन. ती बसेल, हसेल. मग मी सॉरी म्हणेन."

डॉक्टरने यावर थट्टा केली नाही. नुसतं "बघ बाबा" म्हणाला.

छोटूने माझ्यावर खेळ सुरू केला, पण यादीतून माझं नाव बरोबर निवडलं. शिकलेला ना! मी बासरी वाजवली, नगारे वाजवले, आयुष्यात पहिल्यांदा जसं हवं तसं वाजवलं. आणि छोटू म्हणाला, "नाही, हेही नाही."  पुन्हा डबा! तो मला काढणार, एवढ्यात स्वतःशीच पुटपुटला, "बाबा यादी कधी वाचायचे?" आणि त्याने पहिलं नाव दाबलं.

भोंगा वाजला. मग बोट बुडाली आणि बदकाने भाषण केलं. छोटू हसला, आणि हसता हसता रडायला लागला. डॉक्टर म्हणाला, "अरे, हे साफ चुकीचं वाजतंय!" छोटू म्हणाला, "हो ना! हेच!" टेबलावरची सगळी बडी मंडळी खोक्यांत परत गेली. मी निवडला गेलो. त्या दिवशी मला झालेला आनंद कुठल्याच वाद्याच्या नंबरावर बसत नाही.

ती यायच्या दिवशी छोटूने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. माझ्यापुढे दोन खुर्च्या ओढल्या. बेल वाजण्याआधी खेळ सुरू करून ठेवला. दुसऱ्या खेळाडूची वाट पाहताना एक छोटी धून फिरून फिरून वाजत राहते, ती मी वाजवू लागलो. आणि मग त्याने स्पीकरचं बटण पिळून आवाज शून्यावर नेला. ताई आत येऊन बसली की एकदम आवाज सोडायचा, असा त्याचा बेत.

ताई आली आणि हॉलमध्ये बसली. मधलं दार उघडंच होतं.

"प्रवास कसा झाला?"

"ठीक."

"चहा घेशील ना? दोन चमचे साखर."

"साखर सोडली मी."

"अगं, कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

मग कपबशीचा आवाज. ती ऑफिसचं विचारायची, तो 'चाललंय' म्हणायचा. तो तिच्या मुलांचं विचारायचा, ती 'मजेत' म्हणायची. मी आत जिवाच्या आकांताने वाजत होतो. ताई, इकडे ये गं! छोट्या, आण की तिला! भोंगा, घंटा, बदक, होतं नव्हतं ते सगळं ओरडत होतं, आणि स्पीकरमधून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. मला वाटायचं मीच एक मुका. त्या दिवशी हॉलमध्ये माझ्याहून मुकी माणसं बसली होती.

"चल, निघते," ताई म्हणाली. चपला घालता घालता थांबली. "आत काय घरघरतंय रे?"

तिने माझ्या कम्प्युटरचा पंखा ऐकला होता. आता तरी म्हण! एवढंच म्हण, 'ये ना, दाखवतो.'

"काही नाही," छोटू म्हणाला. "जुना कम्प्युटर आहे. बंद करायचा राहिला."

"अच्छा," ताई म्हणाली. ती अजून उभीच होती. मग म्हणाली, "तब्येतीला जप." आणि दार लागलं.

तो आत आला आणि खुर्चीत बसला. स्पीकरचं बटण त्याने सावकाश वर नेलं. इतका वेळ एकट्याने वाजवत होतो ती धून खोलीत आली. ऐकायला तो एकटाच. बऱ्याच वेळाने त्याने दुसऱ्या खेळाडूचं बटण स्वतःच दाबलं. मग कीबोर्ड दोन्ही बाजूंनी वाजू लागला. डाव्या हाताने ताईची बोट, उजव्या हाताने स्वतःची. डावा हात बावळट, बोट काठाला आपटत होती. मध्येच उजवीकडची बटणं थांबली. आपली बोट त्याने तिथेच पाण्यात सोडून दिली आणि दोन्ही हातांनी ताईची बोट हाकत दीपगृहापर्यंत नेली.

ताई, या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. त्याने तुला फोन केलेला नाही. करणारही नाही, तो तसाच आहे, तू त्याला वाढवलंयस. म्हणून ताई, मीच सांगतो. त्या दिवशी तू जिंकलीस. तो रोज संध्याकाळी येऊन मला सुरू करतो, आणि रोज तूच जिंकतेस. दुसरी खुर्ची त्याने अजून हलवलेली नाही.

पुन्हा येशील तेव्हा हॉलमध्ये बसू नकोस. चहाला हो म्हणू नकोस, तो काही म्हणेल याची वाटही बघू नकोस. सरळ आत ये.