उकिरड्यावरची नऊ झाडं

विष्णू करंदीकरला आबकारी खात्यात लागून दीड वर्ष झालं होतं, आणि खालापूरच्या कचेरीत त्याच्याबद्दल तक्रार एकच होती. हा माणूस प्रश्न फार विचारतो. आरोपी सापडला की पंचनामा करावा, अंगठे घ्यावेत, मोकळं व्हावं. विष्णूला मात्र गुन्हा झाला कसा हे उमजल्याशिवाय घास गोड लागत नसे.

एकोणीसशे सव्वीस सालच्या कार्तिकात खबर आली, की खोपोलीच्या वरच्या अंगाला एका ठाकूरवाडीत गांजाची झाडं उभी आहेत. विष्णू शिपाई जैतूला बरोबर घेऊन चढण चढून गेला. वाडीच्या टोकाला आवडी नावाच्या विधवेचं खोपट होतं. मागे उकिरडा, आणि त्यावर माणसाएवढी उंच नऊ झाडं, अगदी उघड्यावर.

"तू लावलीस?" विष्णूने विचारलं.

"नाय. उगावली."

"कसली आहेत, माहीत आहे?"

"गांजाची. म्हाईत हाय की."

"मग उपटली का नाहीस?"

"कशापायी उपटू? सावली पडती. कोंबड्या बसत्यात. तूच बघ."

"साहेबांना तू म्हणतेस गं!" जैतू खेकसला.

विष्णू मात्र खरंच उकिडवा बसून बघू लागला. झाडं ओळीत नव्हती. तीन एकाच जागी दाटीने उगवलेली, एक तर थेट खुराड्याच्या कुडातून वाकडं बाहेर आलेलं. बी पेरणारा माणूस असं पेरत नाही.

"बी आलं कुठून?"

आवडी कोंबड्यांना हाकलू लागली. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "ते नाय सांगायची मी." जैतूने झाडं उपटली, पंचनामा झाला, आणि पुढच्या मंगळवारी खालापूरला महालकऱ्यांपुढे खटल्यासाठी हजर राहायचं असं तिला बजावून दोघे उतरले. आवडी कचेरीला भ्याली नव्हती, हे विष्णूला जाणवलं. ती कुणाला तरी सांभाळून घेत होती.

दोन दिवसांनी खोपोलीचा बाजार होता. विष्णू साधा सदरा घालून शिळफाट्याजवळच्या एका हॉटेलात चहा घेऊन बसला. समोरच गजाशेटचं गांजाचं दुकान होतं. दारावर परवान्याची पाटी, आत सरकारी शिक्क्याच्या पुड्या. घाट चढायच्या आधी गाडीवान थांबत. बैरागी येत, पॉवर हाउसवरचे मजूर येत. कुणीही इकडे-तिकडे बघत नव्हतं. मीठ-मिरची घ्यावी तशी पुडी घेऊन माणसं चालू लागत होती.

जरा वेळाने विष्णू दुकानाच्या मागच्या बाजूला गेला. तिथे एक लहानशी खिडकी होती, आणि खिडकीशी चक्क अप्पा उभे होते. विष्णू ज्यांच्या घरी बिऱ्हाड करून राहत होता ते अप्पा, निवृत्त हेडमास्तर.

"दम्यासाठी," अप्पा घाईघाईने म्हणाले. "वैद्यांनीच सांगितलंय."

"मग पुढच्या दारानं का नाही आलात, अप्पा? गुन्हा थोडाच आहे!"

अप्पांनी उपरणं सावरलं. "गुन्हा नाही रे. पण बरं दिसत नाही," एवढं बोलून ते निघून गेले. विष्णू विचारात पडला. पाटी लावलेल्या दुकानात शिक्षकाने चोरासारखं यावं, आणि ज्या झाडाला कायद्याची बंदी ते आवडीने उघड्यावर वाढू द्यावं, हे काय गौडबंगाल आहे?

तेवढ्यात त्याचं लक्ष पायाशी गेलं. खिडकीखाली केराचा ढीग होता आणि केरात राखाडी रंगाचे गोल दाणे. त्याने मूठभर उचलले आणि तडक आत जाऊन शेटपुढे धरले.

"ते बी हो, साहेब," गजाशेट म्हणाला. "चिलमीत तडतडतं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. मी निवडून टाकतो."

"आणि कुणी नेतं का?"

"एक ठाकरीण येते मोळी विकायला. कोंबड्यांना नेते बिचारी. फुकटच देतो मी. का, काय झालं?" आवडी कुणाला सांभाळून घेत होती ते विष्णूला आता कळलं.

मंगळवारी महालकऱ्यांपुढे विष्णूने मूठभर बी कागदावर ओतलं आणि सगळं सांगितलं. गांजा घाटावर सरकारी परवान्याने पिकला, सरकारी गोदामातून दुकानात आला. त्यातलं टाकलेलं बी या बाईने कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनी सांडलं ते पावसात रुजलं. महालकरी पुढे वाकून दाणे बोटाने चाळत राहिले.

"बाई, तुला काही सांगायचंय?"

"सायब," आवडी म्हणाली, "बी सरकारचं, कोंबडी माजी. मंग झाड कुनाचं?"

कचेरीत हशा पिकला. महालकरीही हसले, आणि मग बराच वेळ कायद्याचं पुस्तक चाळत बसले. अखेर त्यांनी निकाल दिला : लागवड केल्याचा पुरावा नाही, बाईला सोडावं.

महिन्याभराने वरून हुकूम आला. यापुढे निवडलेलं बी दुकानदाराने शिपायासमक्ष जाळावं. सोबत विष्णूला कोरडी समजही होती, की चौकशी नेमून दिलेल्या कामापुरती ठेवावी. समजेचं त्याला फारसं वाटलं नाही. तो हुकूमच पुन्हा पुन्हा वाचत राहिला. एका बाईच्या कोंबड्यांनी काय खाल्लं यावरून नियम झाला होता, आणि वाचणाऱ्याला ते कधीच कळणार नव्हतं.

आवडीला सांगायला तो स्वतः जैतूला घेऊन वाडीवर गेला. ती खोपटापुढे लाकडं फोडत होती. बी आता मिळणार नाही म्हटल्यावर तिने मान डोलावली.

"एक विचारू?" विष्णू म्हणाला. "तू स्वतः कधी गांजा ओढलास?"

"नाय. नवरा वढायचा." तिने कुऱ्हाड खाली ठेवली. "शिळफाट्याच्या दुकानातनंच आनायचा. आदी सांजचा, मंग सकाळचाबी. कामाला जाईना, जेवना. धा वर्सं. कुनी पंचनामा क्येला नाय त्याचा. माज्या कोंबड्यांसाटी मातर दोगं जनं डोंगर चडून आलात."

विष्णूने हळूच विचारलं, "दुकान बंदच असतं तर?"

आवडीने विचार केला. "सुटला असता आसं वाटतं कदी. कदी वाटतं, रानात लपून प्याला असता, मंग त्याला हुडकायला मी कुटं गेले असते? दुकानावर निदान सापडायचा तरी. मला नाय ठावं, सायब. तुज्या पुस्तकात काय लिवलंय?"

"त्यात हे नाही लिहिलेलं," विष्णू म्हणाला.

पायवाटेवरून जैतूने हाक मारली, उशीर होतोय म्हणून. विष्णूने हात वर करून त्याला थांबायची खूण केली, टोपी काढली आणि तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"नाव काय होतं त्याचं?"

"वाघ्या," आवडी म्हणाली, आणि पदराने कपाळ पुसून सांगू लागली.