तीन राण्या टाकल्या त्या दुपारी

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. माझी सगळी पानं अजून शाबूत आहेत, एवढंच माझ्याबद्दल चांगलं सांगता येईल. कडा मऊ पडल्यात, चौकट सत्तीला मधोमध घडी आहे. मला पिसायला घेतलं की पूर्वी फर्रर्र आवाज यायचा. आता कुणी चपला ओढत चालल्यासारखा येतो.

एका भल्यामोठ्या कागदावर मला छापलं, मग कापलं, कोपरे गोल केले आणि डबीत कोंबलं. डबीतून बाहेर काढलं ते उस्तादांनी. ते बंदरावर क्रेन चालवायचे, आणि उस्ताद हे नाव सोबत्यांनी ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत चौघं डबे बाजूला सारून पोकर खेळत. पैसे लावायचे नाहीत असा उस्तादांच्या बायकोचा दम होता, म्हणून तिच्या शिवणाच्या डब्यातली सुटी बटणं लावायची. चांगली पानं आली की त्यांच्यातल्या एकाला हटकून तहान लागायची. बाकीचे गालातल्या गालात हसत आणि पानं टाकून देत. माझे चांगले दिवस म्हणाल तर तेच.

मग उस्ताद निवृत्त झाले, सोबती पांगले, बायको गेली. मी खणात जाऊन पडलो, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या शेजारी. माणसांना जे टाकवत नाही आणि वापरवतही नाही, ते सगळं खणात जातं.

घरात मुलगा आणि सून होते. एके दिवशी मुलगा दुसऱ्या बाईचा हात धरून निघून गेला. सूनबाई मात्र राहिली. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती कामाला जायची. संध्याकाळी दमून यायची, दोघांचा स्वयंपाक करायची आणि दोघं टीव्हीकडे बघत जेवायचे. मुलाचा विषय निघत नसे. त्याची खोली मात्र उस्ताद स्वतः झाडायचे.

एका रविवारी दुपारी टीव्ही बिघडला. घर इतकं गप्प झालं, की उस्तादांनी खण उघडला.

"पत्ते येतात का तुला?" त्यांनी विचारलं.

"भिकार-सावकार येतं," सूनबाई म्हणाली.

"मग बस. पोकर शिकवतो."

त्यांनी मला पिसलं. इतक्या वर्षांनीही वाटणी चोख होती. "प्रत्येकाला पाच पानं. बटणं लावायची, नको असलेली पानं एकदा बदलून घ्यायची, पुन्हा बटणं लावायची. जमत नसेल तर पानं टाकून डाव सोडायचा. जोडी असली तर बरं, दोन जोड्या त्याहून बऱ्या, तीन सारखी त्याच्या वर. मग ओळीनं पाच. मग एकाच चिन्हाची पाच. त्याच्या वरचं नंतर सांगतो, आत्ता डोक्यात मावणार नाही."

सूनबाईनं पानं हातात पसरली, एक उचलून दुसरीकडे लावलं, पुन्हा हलवलं.

"काय करतेयस?"

"दात लावतेय," ती म्हणाली. उस्ताद कितीतरी दिवसांनी हसले.

त्यानंतर दर रविवारी मी टेबलावर यायला लागलो. खरं सांगतो, मला उत्साह नव्हता. अंग दुखत होतं. पण दोघं टीव्हीऐवजी एकमेकांकडे बघत होते, म्हणून सोसलं.

सूनबाईची एक खोड जाता जात नव्हती. हातात काही नसलं तरी ती पानं टाकायची नाही. बटणं लावत राहायची.

"सोड ना," उस्ताद वैतागले. "हातात काय आहे तुझ्या?"

"काहीच नाही. पण इतकी बटणं घातली, आता अर्धवट कशी सोडू?"

"घातलेली बटणं तुझी राहिली नाहीत, पोरी. ती गेली. आता हातात काय आहे ते बघून ठरव."

तिनं पानं पुन्हा एकदा पाहिली. मग तिनं ती पालथी ठेवली. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही.

आणखी काही रविवार गेले. एका दुपारी उस्तादांनी दोनच बटणं लावली आणि सूनबाईनं लगेच पानं टाकली. उस्तादांनी ती उलटून पाहिली. तीन राण्या.

"तीन राण्या कुणी टाकतं का?"

"लक्ष नव्हतं, बाबा."

"लक्ष नव्हतं, की मला जिंकवायचं होतं?"

ती बटणं चाळवत बसली. मग म्हणाली, "दुसऱ्या शहरात काम मिळतंय. चांगलं आहे. मी अजून हो म्हटलं नाही."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही एकटे पडाल. माझ्याबरोबर चला ना."

"मी इथं असायला हवं. तो कधी आला तर..."

"तो येणार नाही, बाबा."

हे त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं. उस्तादांनी मला गोळा केलं आणि पिसत राहिले, नुसतेच पिसत राहिले. शेवटी म्हणाले, "माझी कीव करून खेळणार असशील तर मला हा खेळ नको. तू हो म्हणून टाक."

ती गेली. जाताना दारात वळून म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या."

आणि मुलगा आला. पावसाळा सरता सरता, हडकलेला, दाढी वाढलेला. ती दुसरी बाई त्याला सोडून गेली होती. उस्तादांनी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, खोली उघडून दिली. सगळं दिलं. जेवता जेवता त्यानं विचारलं, "ती कुठं असते हल्ली? तिला घेऊन येतो. समजावलं की ऐकेल ती."

उस्तादांनी घास संपवला. "मला सांगून गेली नाही," ते म्हणाले. "माहीत नाही."

मुलगा चार दिवस राहिला. पुन्हा पुन्हा विचारलं, तेच उत्तर मिळालं, आणि तो निघून गेला. ज्याची इतकी वाट पाहिली, त्याला उस्तादांनी थांब म्हटलं नाही. दार लावून ते टेबलाशी बसले आणि सूनबाईला फोन केला. मुलाचं काही सांगितलं नाही. गोळ्या घेतल्या, एवढंच म्हणाले.

आता दुपारी ते मला काढतात, दोघांची पानं वाटतात आणि दोन्हीकडून स्वतःच खेळतात. मध्येच डुलकी लागते आणि मी टेबलावर पसरलेला राहतो. मला आता पिसवून घ्यायचा कंटाळा आलाय. कुणाला पोकर शिकायचं असेल तर या एखाद्या दुपारी. येताना तुमचा नवा कॅट घेऊन या आणि मला खणात पडू द्या. मी थकलोय. उस्तादांना अजून शिकवायचंय.