दुपारच्या सुट्टीतला फोन

आमच्या ह्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. लग्न ठरेपर्यंत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोलणी चालली होती तेव्हा ते मान खाली घालून गप्प बसले होते, त्यामुळे माझ्या आईला वाटलं, जावई म्हणजे अगदी गरीब गाय. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, “अगं, हा माणूस श्वास कधी घेतो?”

त्यांचं आणि मोठ्या भाऊजींचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं. भाऊजी म्हणजे अबोल माणूस, काम झालं की टॉवेल झटकून नुसतं “हं” म्हणायचे. घाईतली गिऱ्हाइकं भाऊजींकडे बसत आणि सवडीची ह्यांच्याकडे. एकदा शाळेतल्या एका मास्तरांची दाढी अर्धी करून हे शेजारच्यांचं भांडण सोडवायला बाहेर गेले. मास्तरही गालाला साबण तसाच ठेवून मागोमाग गेले आणि भांडण मिटेपर्यंत तिथेच उभे राहिले. दाढीची आठवण दोघांनाही नव्हती. मी तेव्हा शाळेचे गणवेश शिवायची. सलूनमधल्या गप्पा रस्ता ओलांडून माझ्या मशीनपर्यंत ऐकू यायच्या आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते मला घरबसल्या कळायचं.

मग रस्ता रुंद झाला. आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांचा पुढचा भाग गेला आणि सलूनमध्ये जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी जागा उरली. दोघं भाऊ आळीपाळीनं काम करू लागले, एक सकाळी, एक संध्याकाळी. भांडले असते तर बरं झालं असतं. पण दोघंही एकमेकांसाठी खुर्ची सोडून द्यायचे आणि ती कितीतरी वेळ रिकामीच राहायची. सासूबाई म्हणायच्या, “रामलक्ष्मण आहेत दोघं, पण उपाशी मरतील.”

तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाकडून कळलं, की परदेशात एका सलूनला कारागीर हवाय. मी म्हटलं, भाऊजींना जाऊ द्या, त्यांना एकटं राहायची सवय आहे.

“दादाला पाठवलं तर तो विमानतळावर कोणाला वाट विचारणार नाही,” हे म्हणाले. “तिथेच बाकावर बसून राहील जन्मभर. माझं काय, मला तोंड आहे. कुठेही टाका, तरून जाईन.”

आणि गेले. जाताना कात्र्या नीट गुंडाळून घेतल्या, वस्तरा घेतला, कंगवे घेतले. भाषा घ्यायची राहिली, ती इकडे कुठे मिळणार होती?

तिकडची मालकीण उंच, कडक बाई. रोज सकाळी कारागिरांची नखं तपासायची. सलूनमध्ये पाच खुर्च्या होत्या, खिडकीशेजारची ह्यांची. गिऱ्हाइकं यायची, मोबाइलमधला फोटो दाखवायची, हे मान हलवायचे, केस कापायचे, आरसा मागे धरायचे, गिऱ्हाईक मान हलवायचं. संपलं. बाकीचे कारागीर हसत होते, बोलत होते. हे आपले भिंतीवरच्या पंख्यासारखे, मान हलवतायत आणि गप्प.

ते सगळं साचलेलं मग माझ्यावर कोसळायचं. त्यांची जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इकडे दिवस कलायला आलेला असायचा. मी दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची आणि शिवत राहायची. डाव्या हातात जेवणाचा डबा, उजव्या हातात फोन, असे ते सलूनच्या मागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसलेले असायचे आणि पहिल्या वाक्यापासून जी गाडी सुटायची ती थेट शेवटच्या स्टेशनावरच थांबायची.

“आज एक डोकं आलं होतं, दोन भोवरे! आपल्याकडे असता तर मी त्याला विचारलं नसतं का, बाबा रे, तुझी लग्नं किती? नुसता बघत बसलो. पोटात दुखायला लागलं.”

“मग जेवलात का?”

“जेवतो गं. आधी ऐक.”

मी ऐकायची. कधी हो म्हणायची, कधी शिवण उसवताना तेही राहून जायचं. खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा. पण त्या दिवसांत ती गल्ली, ती ट्रामची घंटा, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, मालकिणीचं नाक शिंकरणं, सगळं मला इतकं माहीत झालं होतं, की डोळे मिटून मी त्या सलूनमध्ये झाडू मारला असता.

मग मिशीचा प्रकार झाला. एक म्हातारे गृहस्थ आले, बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी ओठांवर बोट फिरवून काहीतरी विचारलं. ह्यांनी सवयीनं मान हलवली. म्हातारबुवा डोळे मिटून बसले आणि ह्यांनी मिशी साफ उडवली. ते विचारत होते, मिशी तेवढी सोडशील ना? लग्नाच्या फोटोतही होती ती मिशी. त्यांनी आरशात पाहिलं, हातानं ओठ झाकला आणि उठून गेले. मालकीण सगळ्यांसमोर खूप बोलली. एक अक्षर कळलं नाही, पण शिव्या कळायला भाषा लागत नाही.

त्या दिवशी फोनवर हे काहीच बोलेनात. मी घाबरले. म्हटलं, “अहो, आहात ना?”

“आहे. मी परत येतो गं. इथे मी बहिरा नाही, मुका नाही, तरी दोन्ही झालोय.”

“या,” मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना कमी ऐकू यायचं, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू यायचं. “काय रे, कोणाची मान कापलीस का?”

“नाही आई, मिशी.”

“मग ती येईल परत. तू कशाला येतोस तिच्या आधी?”

हे हसले. रडतही होते, हे मला नाकाच्या आवाजावरून कळलं.

पुढच्या आठवड्यात तेच म्हातारबुवा आले. ओठांवर पांढरे खुंट. मालकिणीनं त्यांना दुसऱ्या खुर्चीकडे नेलं तर त्यांनी नकार दिला आणि सरळ ह्यांच्यासमोर येऊन बसले. मिशीवर बोट ठेवलं आणि एक शब्द उच्चारला. हे बघत राहिले. त्यांनी पुन्हा उच्चारला, मग ह्यांच्याकडे बोट केलं. हे म्हणाले. त्यांनी मान हलवली, चूक. असं पाच-सहा वेळा झाल्यावर शब्द जमला. मग कान, मान, कपाळ, भुवई. त्या दिवशी कात्री उचललीच नाही. त्यानंतर म्हातारबुवा दर आठवड्याला यायचे. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण शब्द भरपूर होते. आमचे हे त्यांना ‘गुरुजी’ म्हणायला लागले आणि गुरुजींना वाटायचं, आमच्याकडे गिऱ्हाइकाला तसंच म्हणतात.

वर्ष सरता सरता रेडिओला स्टेशन सापडलं. फोनवर मागून हाका ऐकू यायला लागल्या, कोणीतरी ह्यांना बोलवायचं, हे तिकडच्या भाषेत काहीतरी फेकायचे आणि हशा पिकायचा. मी विचारायची, “काय म्हणालात?” “अगं, ते मराठीत सांगून मजा नाही.” मग हळूहळू, “गिऱ्हाईक आहे, ठेवतो.” मग, “उद्या करतो.” मी डब्याला फोन टेकवून ठेवायची आणि मशीनचाच आवाज ऐकायची. आधी बोलतात म्हणून कंटाळणारी मी आता बोलत नाहीत म्हणून धुमसायला लागले. सासूबाईंना म्हटलं, “तिकडे कोणी सवत तर नाही ना?” त्या म्हणाल्या, “एवढं बोलणारा नवरा दुसरी कोण घेईल?”

दोन वर्षांनी ह्यांनी मला महिनाभरासाठी बोलावलं. विमानतळावर हार-तुरे नव्हते, पण ते टाचा उंचावून उभे होते, थोडे जाड झालेले, केस मात्र वेडेवाकडे वाढलेले. सलूनच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, घडीचं टेबल, खिडकीत उभं राहिलं की खाली ट्राम. मला सगळं ओळखीचं वाटलं आणि तरी जरा लहान वाटलं. समोरच्या गच्चीवरची बाई दिसली तेव्हा मी हातच हलवला. ती गोंधळली.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये मागच्या सोफ्यावर बसून मी त्यांचं काम पाहिलं. कात्री हवेत नाचवत ते काहीतरी सांगत होते आणि पाचही खुर्च्यांतली माणसं हसत होती. मालकीणसुद्धा. मला अभिमान वाटला. आणि लगेच वाटलं, हा हसवणारा माणूस कोण? मला एक विनोद कळेना. रोज बाजारात जायची तर बोटं दाखवून वस्तू घ्यायची, मान हलवायची, परत यायची. घरी हे थकून यायचे, पाय पसरून म्हणायचे, “दिवसभर बोलून तोंड दुखतंय गं,” आणि जेवून झोपायचे. हजारो मैल ओलांडून मी ह्यांच्या घोरण्याला सोबत करायला आले होते.

एक दिवस मी सलूनमध्ये असताना गुरुजी आले. मिशी भरघोस होती. त्यांनी मला उभं राहून अभिवादन केलं आणि ह्यांना काहीतरी विचारलं. हे हसून म्हणाले, “विचारतायत, हा घरीही एवढाच बोलतो का?”

“सांगा त्यांना, घरी येईपर्यंत बॅटरी उतरलेली असते.”

ह्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी सांगितलं नाही. गुरुजींनी पुन्हा विचारलं, कडक आवाजात, तेव्हा सांगावं लागलं. गुरुजी आरशातून माझ्याकडे बघत सावकाश काही बोलले. हे कंगवा हातात धरून उभेच.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, यांची बायकोही तेच म्हणायची. दिवसभर उतारूंशी गोड बोलून रात्री रिकामी बस घरी आणतोस. आता ती गेली, आणि घरात बोलायला यांना वेळच वेळ आहे.”

ह्यांनी गुरुजींचे केस फार हळू कापले.

त्या रविवारी हे मला घेऊन बाहेर पडले. आम्ही ट्राममध्ये बसलो नाही, तिच्या रुळांच्या कडेनं चालत गेलो. आणि ते बोलायला लागले. मराठीत, आमच्या गल्लीतल्या मराठीत. हा बेकरीवाला बायकोला घाबरतो. या पुलावर मी पहिल्या थंडीत घसरून पडलो, तुला सांगितलं नव्हतं. या बाकावर बसून परत येण्याचं ठरवलं होतं, आणि हे बघ, त्याच बाकावर ते रद्द केलं. मध्येच एखादा मराठी शब्द अडायचा, मी तो पुरवायची. दुपार उतरेपर्यंत आम्ही चाललो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तरी मी बोलले नाही. ओढत चालत राहिले. म्हटलं, थांबलो तर गाडी पुन्हा बंद पडेल.

ते अजून चार वर्षं तिकडे होते. फोन नियमाने यायला लागला, कधी मोठा, कधी दोन शब्दांचा. शेवटच्या वर्षी गुरुजी गेले. त्या दिवशी फोन लावून हे नुसते बसून राहिले, मीही इकडे शिवण बाजूला ठेवून नुसती बसले. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि हे कायमचे परत आले. सासूबाईंना शेवटचे सहा महिने दोन्ही मुलगे मिळाले. त्यांची वेणी मोठे भाऊजी घालायचे आणि बडबड हे करायचे.

आता सलून गल्लीच्या तोंडाशी आहे, दोन खुर्च्यांचं. परत आल्यावर हे पहिल्यासारखे राहिले नाहीत असं लोक म्हणतात. बोलतात तेवढंच, पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की थांबून ऐकतात, आणि ते लोकांना जरा विचित्र वाटतं. पाऊस नसलेल्या एखाद्या ढगाळ दुपारी ते म्हणतात, “आत्ता तिकडे खिडकीच्या काचेवर वाफ धरली असेल.” मला त्यांच्याइतकीच त्या काचेची आठवण येते. ज्या वर्षांत आम्ही एकमेकांशिवाय झुरलो, त्यांचीच हुरहुर लागावी, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा ते भाजी आणायला गेले ते तासभर आले नाहीत. मी गॅलरीतून पाहिलं. भाजीवालीच्या नव्या सुनेला कुठल्याशा लांबच्या गावाहून आणलंय, तिला इकडची बोली नीट येत नाही, कोपऱ्यात गप्प बसलेली असते. हे तिच्यासमोर उकिडवे बसले होते. एक वांगं हातात घेऊन त्यांनी काहीतरी म्हटलं. ती लाजली. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी आत येऊन चहाचं आधण उतरवून ठेवलं. अजून पालेभाज्या बाकी होत्या.