एकतीस खुणांची नावं

साहेब, ती फाईल तुमच्या कार्यालयातून आली होती. बाईंनी ती हौसेने उघडली नाही, तुम्ही उघडायला लावलीत. आणि आता खुलासा बाईंकडून मागता? मग माझाही घ्या.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. बोलणं साहेबांशी आहे, पण तुमच्यासमोर बोलतो. नाहीतर उद्या म्हणतील, असं कुणी काही बोललंच नव्हतं.

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं बिजागर सैल झालंय आणि खालच्या ओळीतलं एक बटण निघून पडलंय. त्या जागी शर्टाचं पांढरं बटण चिकटवलेलं आहे, चार भोकांचं. ते कुणी चिकटवलं, ते पुढे येईलच.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. माझे स्क्रू पिळणारे हात मला आठवतात, चेहरा नाही, कारण नाकातोंडावर पट्टी होती. पहिली पाच वर्षं मी एका कंपनीत आकडेमोड केली. मग मी म्हातारा ठरलो आणि मला कर्णबधिर मुलांच्या शाळेला भेट दिलं. त्या समारंभात सहा माणसांनी मला एकदम धरून फोटो काढला. इतकं हलकं सामान उचलायला सहा माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं. फोटो झाल्यावर मला खाली कुठे ठेवायचं हे एकालाही सुचेना. शेवटी एका बाईंनी हात पुढे केला. त्याच आमच्या बाई.

शाळेत शिवण शिकवायला एक मास्तर होते. तेही लहानपणापासून कर्णबधिर. गळ्यात टेप, बोटांना खडू. चाळीस वर्षं ते त्या खोलीत होते. मुलांनी आणि मास्तरांनी मिळून कितीतरी खुणा तयार केल्या होत्या, ज्या कुठल्याच छापील पुस्तकात नव्हत्या. मोठ्या सरांची खूण म्हणजे घसरलेला पट्टा वर ओढणं. बाईंची खूण म्हणजे एका बोटाने चष्मा मागे सारणं. माझीही होती. दोन तळहात पुस्तकासारखे उघडायचे आणि लगेच बोटांवर फुंकर मारायची. मी फार तापतो म्हणून.

बाईंनी मनावर घेतलं की हे सगळं टिपून ठेवायचं. रोज मधल्या सुट्टीनंतर, खिडकीजवळ, एक खूण. हात नीट दिसावेत म्हणून मास्तरांनी खास काळा सदरा शिवला. त्याच सदऱ्याच्या बटणांतलं एक उरलं, ते मास्तरांनी मला चिकटवलं. पांढरं कसं, असं विचारू नका, काळी संपली होती. मास्तर प्रत्येक खूण तीनदा करत. एकदा सावकाश, एकदा त्याहून सावकाश आणि एकदा घरी करतात तशी भराभर. मग बाई फाईलला नाव देत, म्हणजे त्या खुणेचा अर्थच लिहीत, आणि मला मास्तरांकडे वळवत. मास्तर एकेका अक्षरावर बोट फिरवून वाचत. पटलं तर मान डोलावत. नाही पटलं तर बाई पुसून पुन्हा लिहीत. मास्तरांची मान हलल्याशिवाय एकही नाव माझ्या यादीत आलं नाही.

दोन वर्षांत चारशे बारा खुणा झाल्या. शेवटच्या काही तर शाळेच्याही नव्हत्या. मास्तर लहानपणी घरात आईशी ज्या खुणांनी बोलत, त्या या. आई कधीच गेलेली. ते बोलणं जाणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. मग बाई दुसऱ्या झाल्या. मी तिसरा.

शेवटची खूण टिपली त्याच थंडीत मास्तर गेले.

आता त्या दिवसाकडे येतो. दुपारी दीड वाजता तुमच्या कार्यालयातून मोठ्या सरांना फोन आला. "सगळ्या शाळांची माहिती आली, तुमचीच राहिलीय. मेल केलेली फाईल दोनच्या आत भरा, नाहीतर तुमचं नाव वर जाईल." सर पट्टा ओढत शिवणखोलीत आले.

"बाई, तेवढं भरून टाका हो."

"सर, या फाईलचं नाव विचित्र दिसतंय. कार्यालयाला फोन करून विचारू का एकदा?"

"आत्ताच तर त्यांनी फोन ठेवला. आता उलट फोन करून काय विचारणार, तुमचंच पत्र आहे ना म्हणून? शोभतं का ते?"

"तरीपण, सर."

"बाई, माझ्या डोक्याला ताप नको."

माहिती भरायला मुलांची यादी लागणार होती. ती पेन ड्राइव्हवर होती. खुणांची दुसरी प्रतही त्याच पेन ड्राइव्हवर. बाईंनी तो मला लावला आणि तुमची फाईल उघडली.

तिच्यात व्हायरस होता. तो आला तेव्हा मला काही दुखलं नाही. वाईट तेच आहे. तो एकेक फाईल घेई, तिची कुलूपबंद नक्कल करी आणि मूळ पुसून टाकी. मी शहाण्यासारखा त्याचं ऐकत होतो, कारण हुकूम बाईंच्या नावाने येत होता. माझ्यावर आटोपलं, मग पेन ड्राइव्हवर आटोपलं. पडदा लाल झाला. वर लिहून आलं, फाईली हव्या असतील तर पैसे पाठवा. बाईंनी मला बटण दाबून बंद केलं आणि माझ्या झाकणावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्याने मला उघडलं, माझी डिस्क बाहेर काढली आणि चार दिवस चाळली.

"तुम्ही लगेच बंद केलात ते फार बरं केलंत," तो म्हणाला. "पुसलेलं लगेच जात नाही. वर दुसरं काही लिहिलं गेलं की जातं. तुमचे चारशे बारा व्हिडिओ आले. एकही कमी नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "देव भलं करो तुमचं."

"थांबा, बाई. नावं नाही आली. पेन ड्राइव्हवरचीही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घरं सापडली, दारावरच्या पाट्या गेल्या. आता नुसते नंबर आहेत. पण त्यात काय एवढं? लावून बघा, आवाज ऐका, कळेल कुठला काय ते."

"आवाज नाही त्यात."

"बंद ठेवला होता?"

"अहो, कर्णबधिरांची शाळा आमची. आवाज भरायचा कुणासाठी?"

दुरुस्तीवाला हळूच म्हणाला, "नुसता एक शब्द बोलला असतात, बाई."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आता जन्मभर तेच बोलत राहीन मी."

मित्रांनो, मला विचाराल की तुला तर आठवत असेल. नाही. माझ्यासाठी नाव म्हणजे यादीतली एक ओळ. ती ओळच खाल्ली गेली. माझ्यापाशी हात आहेत, अर्थ नाही.

बाईंनी शिवणखोलीच्या भिंतीवर एकेक व्हिडिओ लावला. मुलं समोर बसली. सगळ्यात पुढे टोपीवाली, मास्तरांची शेवटची विद्यार्थिनी, उन्हात नसली तरी टोपी घालणारी. मुलं ओळखू लागली. माझी खूण आली तेव्हा सगळ्यांनी बोटांवर फुंकरा मारल्या. सरांची आली तेव्हा नेमके सर दारात होते, आणि त्यांचे हात आपोआप पट्ट्याकडे गेले. जुन्या विद्यार्थ्यांनाही व्हिडिओ पाठवले. तीनशे एक्याऐंशी नावं परत आली.

एकतीस नाही आली. ती मास्तरांच्या घरची.

त्यातल्या एका व्हिडिओत मास्तर डावा तळहात आडवा धरतात, उजव्या हाताची दोन बोटं त्यावर टेकवतात, उचलतात, पुन्हा टेकवतात. मग दोन्ही हात गळ्यातल्या टेपवर येऊन थांबतात. तिसऱ्यांदा करताना ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंकडे बघतात आणि हसतात.

बाईंना सगळं आठवतं. त्या दिवशी खिडकीचं एक दार आपटत होतं, ते त्यांनी कागद कोंबून बसवलं. नाव लिहिलं तेही आठवतं. त्यावर मास्तरांनी दोनदा मान डोलावली, तेही. फक्त काय लिहिलं, ते आठवत नाही. ती फाईल त्या रोज उघडतात. स्वतःशीच पुटपुटतात, "काय म्हणाले होते गं, आठव ना."

एकदा टोपीवालीने हातांनी विचारलं, "लिहून टाका ना काहीतरी. कुणाला कळणार आहे?"

बाईंनी हातांनीच सांगितलं, "मान कोण डोलावेल?"

त्यावर टोपीवालीने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. प्रत काढा आणि ती माझ्यापासून लांब ठेवा. जपायचं ते एकट्या माझ्या हवाली करू नका, कागदावरही लिहा. आणि शंका आली तर विचारा, समोर कितीही मोठं कार्यालय असो. मी मशीन आहे, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.

आता साहेब, तुमच्याकडे. चार दिवसांनी तुमचं दुसरं पत्र आलं, त्यात तुम्हीच लिहिलंय: "सदर दिवशी सकाळी दहा वाजता कार्यालयातील संगणक बाधित असल्याचे निदर्शनास आले, तरी त्या दिवशीचे मेल उघडू नयेत." तिसरं पत्र बाईंना आलं. निष्काळजीपणाबद्दल खुलासा करा म्हणून. तुमच्या पत्राला क्रमांक आहे, टेबलाला पाटी आहे, पदाला नाव आहे. माझ्या एकतीस खुणांना आता काही नाही.

दहाला कळलं होतं. मग दीड वाजता आमच्या शाळेला फोन कुणी करायला लावला? मला एकच नाव हवंय, साहेब. लेखी कळवा.