चिकटवलेलं वजन

दादाच्या मनात पाल चुकचुकली ती बायकोच्या कारचं पुढचं चाक काढल्यावर. हवा उतरत होती म्हणून काढलं होतं. टायरचं दुकान त्याचं, या चाकांना हात लावणारा तो एकटा, मग चाक थरथरू नये म्हणून लावतात ती वजनाची चिकटपट्टी रिमच्या आतल्या बाजूला कुणी लावली? दादा कधी वजन चिकटवायचा नाही. रिमच्या काठाला हातोडीनं ठोकलेलं तेच खरं वजन. चिकटवायला वजन म्हणजे काय पाकिटावरचं तिकीट आहे का, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

त्यात पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल कापलेले. आता मात्र त्याचं डोकं सणकलं. ही खोड अख्ख्या गावात एकाच माणसाला होती, त्याच्या धाकट्या भावाला. दोन वर्षांपूर्वी धाकटा भांडून वेगळा झाला आणि बाजारापलीकडे त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. दादा कुणाचं ऐकून घेत नाही, अशी त्याची तक्रार होती, आणि दादानं ती ऐकून घेतली नव्हती. तेव्हापासून दादानं त्याचं नाव टाकलं होतं. घरात कुणी चुकून काढलंच तर ताट सरकवून उठायचा.

आणि बायको गुपचूप त्याच्याकडेच जाते?

दादानं लगेच विचारलं नाही. आरडाओरडा करणारा दादा परवडला, गप्प बसलेला नको. जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "गाडी बरी चालते ना?"

"एकदम झकास."

"मधे कुणी हात लावला होता का?"

"तुमच्याशिवाय कोण लावणार?" ताटातून मान वर न करता ती म्हणाली.

झालं! डोक्यातला किडा वळवळायचा थांबेना. फोन वाजला की ही उठून गच्चीत का जाते? परवा एक टॅक्सीवाला दुकानाच्या दारात हिच्याशी कुजबुजत होता, आणि आपण येताच दोघांची तोंडं बंद झाली, ती का? सगळं कसं फटाफट जुळत गेलं. सख्खी बायको दिराला फितूर! गिऱ्हाइकं फोडून तिकडे पाठवते, आणि आपलं दुकान बसलं की तो शहाणा ते ताब्यात घ्यायला हजर होणार. आता गिऱ्हाइकं काही कमी झाली नव्हती, ही गोष्ट खरी. पण एकदा संशयानं घेरलं की माणूस असल्या गोष्टींना भीक घालत नाही.

रविवारी सकाळी दुकानात कुणी नसताना त्यानं तिला बोलावून घेतलं आणि तेच चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं. आधी भावाचं काम तिच्या डोळ्यांदेखत उघडं पाडायचं, मग तिचं तोंड उघडायचं, असा बेत होता. चाक गरगरलं आणि थांबलं. काम चोख असतं तर शून्य यायला हवं होतं. आले तीस.

"तीस ग्रॅम! बघ, बघ तुझ्या लाडक्या दिराची करामत! चोरून जायला लाज नाही वाटली? माझ्याकडे काय कमी पडत होतं गं तुला?"

ती रडली नाही की भांडली नाही. मशीनकडे बघत म्हणाली, "नट सैल करा. चाक अर्धा फेरा फिरवून परत बसवा."

"मला शिकवतेस?"

"अहो, करा तर खरं."

ही पडताळणी दादाला माहीत नव्हती थोडीच! चाकाला काही केलंच नसेल तर ते कसंही फिरवून बसवा, आकडा तोच यायला पाहिजे. पण जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला आपल्या मशीनवर संशय घ्यावा, असं कधी वाटलं नव्हतं. त्यानं रागारागानं चाक फिरवून बसवलं. दहा, आणि तेही भलत्याच बाजूला. पुन्हा बसवलं. वीस. मशीनच्या दांड्यावरच्या ज्या शंकूवर चाक मधोमध बसतं, तो त्यानं बोटांनी चाचपला. एका अंगानं पार झिजला होता. म्हणजे इथे शून्य दाखवून बाहेर पडलेलं एकेक चाक पुढे रस्त्यावर थरथरत होतं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. स्टिअरिंग थरथरतं म्हणून मी किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, रस्ता खराब आहे, तुलाच चालवता येत नाही. शेवटी भाऊजींकडे गेले. ही पडताळणी तिथेच पाहिली."

"आणि बाकीची गिऱ्हाइकं?" दादानं विचारलं.

"तीही जातात. भाऊजी तुमची वजनं काढून नीट करून देतात आणि वर सांगतात, दादाचं काम पक्कं असतं, खड्ड्यात वजन उडालं असेल, पुढच्या वेळी त्याच्याकडेच जा. मला शपथ घातली त्यांनी. दादाला कळलं तर तो मोडून पडेल म्हणाले."

तेवढ्यात तो टॅक्सीवाला दारात गाडी लावून आत आला. "दादा, नवे टायर घातलेत. जरा बॅलन्सिंग करून द्या."

दादानं मशीनचं बटण बंद केलं. "माझ्याकडे नाही होणार. धाकट्याकडे जा."

टॅक्सीवाल्याचा चेहरा खुलला. "बरं झालं बाबा, एक फेरी वाचली!" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

टॅक्सी गेली. मग दादानं बायकोच्या गाडीचं चाक उचललं आणि गाडीला चढवायला घेतलं. नट आवळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"चावी आण," तो म्हणाला. "मलाही त्याच्याकडेच जायचंय."