पोळ्याआधीचा गळ

रूपरावांनी छत्री मिटली, गुडघाभर पाण्यात उतरून तिच्या मुठीनं गळाचा रबरी बेडूक स्वतःकडे ओढला आणि दोर दातांनी तोडला. काठावर रॉड धरून उभा असलेला माणूस आधी हसला. मग त्याला कळलं की हा म्हातारा गंमत करत नाही.

“ओ काका, काय करून राह्यले?”

“इथं टाकू नको.”

“काऊन? तलाव तुमच्या बापाचा हाय का?”

“माह्या बापाचा नाई अन् तुह्याही बापाचा नाई. इथं मासाच नाई. तिकडे जाय.”

“बेडूक तर द्या. साडेतीनशेचा हाय तो.”

रूपरावांनी बेडूक त्याच्या पायाशी फेकला. माणूस पुटपुटत तलावाच्या भिंतीवरून निघून गेला. त्यानं वाटेत दोनदा वळून पाहिलं. रूपराव पुन्हा छत्री उघडून सांडव्याच्या दगडावर उभे राहिले. या आठवड्यातलं हे पाचवं भांडण होतं आणि अजून बुधवारच होता.

सिंदी रेल्वेच्या रस्त्यावरचा हा पाझर तलाव एके काळी चार-दोन गळवाल्यांचा होता. एसटीच्या वर्कशॉपमधून सुटी मिळाली की रूपराव सायकलवर यायचे, दिवसभर बसायचे, कधी मरळ मिळायची, कधी नाही. आता ते निवृत्त झाले होते, पिपरी मेघेहून स्कूटरनं रोज येऊ शकत होते, आणि तलाव मात्र हातचा गेला होता. मोबाइलवर कुणीतरी इथल्या मरळीचा व्हिडिओ टाकला आणि रविवारी भिंतीवर गाड्यांची रांग लागू लागली. चाळीस-चाळीस रॉड. पाण्यावर सारखे रबरी बेडूक आपटायचे. मासे काही खुळे नव्हते. आपटल्याचा आवाज आला की ते तळाशी जाऊन बसत. मासा लागेना तेव्हा माणसांनी नवीच विद्या काढली. पाण्याकडे बघायचं सोडून ती एकमेकांकडे बघू लागली. कोण कुठं उभा राहतो, कोण कुठून हलत नाही, कुणाचा रॉड वाकला. एकाचा वाकला की दहा जण तिथं धावत. या सगळ्याचा रूपरावांना मनापासून संताप येई. त्यांचं म्हणणं, याला मासेमारी म्हणत नाहीत, याला पंगतीत पान पळवणं म्हणतात.

त्यात श्रावण. आषाढ लागला की गळ माळ्यावर टाकायचा आणि पोळा झाल्याशिवाय हातात धरायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. बैलांना जसा एक दिवस, तसे माशांना दोन महिने, असं ते म्हणत. रूपरावांनी तो चाळीस वर्षांत मोडला नव्हता. कारण साधं होतं. या दिवसांत मरळीची पिल्लं असतात. नर-मादी दोघंही त्यांच्याखाली राहून राखण करतात, काही खात नाहीत, आणि पिल्लांजवळ जे पडेल त्याच्यावर तुटून पडतात. पिल्लांच्या थव्यावर गळ टाकला की हमखास मरळ लागते. ती भुकेनं नव्हे, रागानं तोंड मारते. हे सगळ्या गळवाल्यांना ठाऊक असतं. काही जण त्याचसाठी श्रावणाची वाट बघतात.

आणि बारा दिवसांपूर्वी सांडव्याजवळ, बेशरमच्या झुडपांखाली, रूपरावांना थवा दिसला होता. पाण्यावर तिखट सांडावं तशी लाल पिल्लं, शे-दीडशे तरी. खाली दोन काळ्या पाठी. तीन वर्षांत या तलावात त्यांनी पिल्लं पाहिली नव्हती. ही जगली तर तलाव जगेल, नाहीतर पुढच्या वर्षी इथं बेडूकच बेडूक, तेही रबरी. त्या दिवसापासून ते सकाळी साडेपाचला येत, दहापर्यंत उभे राहत, चारला पुन्हा येत. कारण कुणालाच सांगत नव्हते. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत थवाही उरला नसता.

गुरुवारी मात्र खंड पडला. बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या, डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती, आणि वर्ध्याला डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत दुपार झाली, नंतर पाऊस.

शुक्रवारी ते पोचले तेव्हा सांडव्याच्या त्याच दगडावर बसून एक तरुण पाण्यात हात धूत होता. शौनक. वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायचा, मासेमारीचे व्हिडिओ करायचा. बोलायला गोड, वागायला सभ्य. प्लास्टिक उचलून नेणाऱ्यांतला. रूपराव मनातल्या मनात त्याला बाकीच्यांतून वगळत असत.

“काका, या या. तुमचीच वाट बघत होतो.” त्यानं ओल्या हातानं मोबाइल काढला. “हे बघा. काल संध्याकाळी. तीन किलो चारशे.”

पडद्यावर मरळ होती. शौनकनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पोट पिवळट, तोंड उघडं. मागे बेशरमची झुडपं दिसत होती.

रूपरावांनी मोबाइल हातात घेतला नाही.

“पिल्लं दिसली नाई का तुले?”

“कोणती पिल्लं?”

“लाल. वर. पान्यावर.”

शौनकनं झुडपांकडे पाहिलं. “पाऊस होता ना काका, पाणी नुसतं उकळल्यासारखं. मी अंदाजानंच टाकला. दुसऱ्याच कास्टला...” तो थांबला. “पिल्लं होती?”

“कुठं हाय तो मासा?”

“दिला. भिंतीवरच्या चहावाल्याला. आमच्याकडे श्रावणात चालत नाही ना.”

रूपरावांचा हात आपोआप छत्रीवर गेला. घरी चालत नाही! ताटात चालत नाही, म्हणून चहावाल्याला! त्यांनी छत्री दगडावर अशी आपटली की तिची एक काडी वाकली.

“अबे, तुले खायाचंच नव्हतं तं मारलं कायले? मास्तर ना तू? पोरं शिकोतं ना?” त्यांचा आवाज चिरकला. “बारा दिवस मी इथं झक मारून राह्यलो. घरी पानी भरलं नाई, बायकोले दवाखान्यात नेतानी जीव इथं. दुनियेले शिव्या देल्ल्या. एक दिवस गेलतो, एक दिवस! तेवढ्यात तुले अख्ख्या तलावात हाच दगड सापडला?”

शौनकचा चेहरा उतरला होता. तो उठून उभा राहिला.

“काका, खरं सांगू का? मला तुमच्यामुळंच कळलं.”

“काय?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर तुमचा फोटो आहे. रूपरावकाका दहा-बारा दिवस सांडव्यावरून हलत नाहीत, कुणाला टाकू देत नाहीत, म्हणजे तिथं मोठी आहे. काल तुम्ही नव्हता म्हणून...” त्यानं मोबाइल खिशात घातला. “मला वाटलं, तुम्ही ती स्वतःसाठी राखून ठेवली.”

रूपरावांना शिव्या पुष्कळ सुचल्या, पण त्या कुणाला द्यायच्या ते समजेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाटी लावून जागा दाखवली असती तरी इतकी चोख दाखवली नसती.

“जाय तू,” ते म्हणाले. “माह्या समोरून जाय.”

शौनक गेला. रूपराव दगडावर बसून राहिले. थोड्या वेळानं शिंगाड्याच्या वेलींतून धुरपताबाईंचा डोंगा आला. तलावातला शिंगाडा तिचा होता. ती रोज वेलींतलं शेवाळ काढायची.

“भाऊ, काऊन बसले असे?”

“गेली ना ते. मारली.”

“एक गेली. दुसरी हाय.” तिनं बांबूनं झुडपाच्या पलीकडे दाखवलं. “सकाळीच पायली मी. पिल्लं थोडी कमी झाली, बगळ्यानं खाल्ली असन. पन राखन करून राह्यली बिचारी.”

रूपराव ताडकन उठले. तिनं दाखवलेल्या जागी पाण्यावर लालसर डाग हलत होता. त्यांनी छत्री उघडली, दगडावर पाय रोवले, आणि तिथंच त्यांचं त्यांनाच कळलं. दोन दिवसांवर रविवार होता. भिंतीवर आतासुद्धा एक मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावरचा माणूस इकडेच बघत होता.

त्यांनी छत्री मिटली आणि सांडवा उतरून चालू लागले.

“चालले का?”

“हाव. तुमी बी तिकडे जास्त पाहू नका धुरपताबाई. कोनी पाह्यलं तं लोकायले समजते.”

शनिवारी ते आलेच नाहीत. संध्याकाळी स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची रॉडची गवसणी काढली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सुलोचनाबाई बघत होत्या.

“पोळा व्हायचा हाय अजून.”

“माईत हाय मले.”

“मामंजी असते तं...”

“ते नाईत!” रूपराव ओरडले. त्यांनी दोराच्या टोकाचा गळ कापून काढला, त्याच्या जागी नुसतं शिसं बांधलं, आणि गाठ दोनदा तपासली. वडिलांची क्षमा मागावी असं त्यांना वाटलं, पण रागाच्या भरात तेही जमलं नाही.

रविवारी साडेपाचला ते तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पंपघराजवळ बसले. तिथं तळाला निव्वळ मुरूम, पाणी मांडीभर, सावलीला एक पान नाही. अशा ठिकाणी मासा राहत नाही. रूपरावांनी शिसं लांब फेकलं. सातपर्यंत गाड्या लागल्या. भिंतीवर घोळके झाले. बोटं त्यांच्याकडे रोखली गेली. पोळ्याआधी रूपरावांच्या हातात रॉड! पहिले दोघं जवळ आले तसे ते अंगावर धावून गेले.

“जागा नाई इथं! चालते व्हा! मी पयले आलो!”

नाटक करायची गरजच पडली नाही. इतकी वर्षं पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. गाड्यांचं, बाटल्यांचं, गाण्यांचं, श्रावणातल्या माशाचं. ते जितके चिडत तितके लोक वाढत. आठापर्यंत पंपघराच्या दोन्ही बाजूंना पंधरा रॉड लागले. सांडव्याकडे पाठ करून बसायचं हे सर्वांत अवघड होतं. मान सारखी वळू बघे. त्यांनी ती वळू दिली नाही.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. शौनक.

“काका, त्या मरळीचा व्हिडिओ मी काढून टाकला.”

रूपरावांनी शिसं पुन्हा लांब फेकलं.

“मी सांडव्यावर जाऊन बघून येऊ का? एखादं पिल्लू...”

“बस गुमान!”

ते इतक्या त्वेषानं आणि इतक्या हळू आवाजात म्हणाले की शौनक दचकला. रूपरावांनी हिसक्यानं दोर गुंडाळला. शिसं उघड्या मुरमावरून खडखडत काठाला लागलं, आणि शौनकनं त्याच्याकडे पाहिलं. गळ नव्हता. त्यानं समोरचं मांडीभर पाणी पाहिलं, आजूबाजूचे पंधरा रॉड पाहिले. सांडव्याकडे वळायला निघालेली त्याची मान अर्ध्यात थांबली.

त्यानं आपला रॉड जोडला आणि त्याच रिकाम्या पाण्यात बेडूक फेकला.

भिंतीवरून नवे चौघं उतरत होते. त्यांतल्या एकानं शौनकला ओळखलं. “सर, लागून राह्यली का इथं?”

शौनकनं एकदा रूपरावांकडे पाहिलं.

“काल दोन लागून सुटल्या,” तो म्हणाला. “मोठ्या होत्या.”

रूपरावांचा राग तसूभर कमी झाला नव्हता. तीन किलो चारशेची ती त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोर नीट करत, दात आवळून ते म्हणाले,

“मोठ्यानं सांग. त्या तिकडच्यायले आयकू नाई गेलं.”