अंगठ्यापुरती उघडीप

तबकड्या बसवणाऱ्या कंपनीच्या दीपकचा हिशोब सरळ होता. घोटीपलीकडच्या डोंगरातल्या या एका रेशन दुकानावर उपग्रहाची तबकडी चालताना दिसली, की पेठ-सुरगाण्याकडच्या सगळ्या दुकानांचं काम त्याच्याच पदरात. साहेबांना फक्त एक व्हिडिओ हवा होता: म्हातारी अंगठा लावतेय, मशीनवर हिरवा दिवा, म्हातारी हसतेय. हसवायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. सिग्नलचं आभाळावर सोपवलं होतं.

गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून अंगठ्याची मशीन थेट उपग्रहाशी जोडलेली. इकडच्या पावसाला मोठी तबकडी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण लहान स्वस्त पडते, आणि मे महिन्यात बसवली की दोन्ही सारख्याच चालतात. त्याने मे महिन्यात बसवली.

आता भाताची आवणी, रोपांची लावणी, चालू होती. पाऊस बेताचा असला की सगळं गाव चिखलात वाकलेलं. दुकानात यायला सवड मिळते ती खाचरात उभंही राहवत नाही इतका तो कोसळतो तेव्हाच, आणि नेमका तेव्हाच वरून येणारा सिग्नल थेंबांच्या गर्दीत विरून जातो. सरिता सासूला, अक्काबाईला, घेऊन महिनाभर हेलपाटे घालत होती; कार्ड सासूच्या एकटीच्या नावावर. आज महिन्याचा शेवटचा दिवस. आज अक्काबाईचा अंगठा लागला नाही, तर या महिन्याचे तांदूळ बुडाले. घरी नागलीचं पीठ तेवढं उरलं होतं, तेही डब्याच्या तळाला.

दुकानदार मनोज मशीन पुसून पुसून थकला. अंगठ्याशिवाय दाणा तोलला तर परवाना जाईल, असं तो भिंतीकडे बघत पुटपुटला. दीपकने मग सगळ्यांना समजावलं, की थेंब मोठे असले की लहरी गिळतात, यंत्र परदेशी आहे, तिकडे असला पाऊस पडतच नाही, त्यामुळे यंत्रात दोष काही नाही.

"मंजे चूक पावसाची," सरिता म्हणाली. "तुमी आल्यावर पडायला लागला वाटतं त्यो."

"ताई, जरा धीर धरा. पाऊस कमी झाला की लगेच होईल."

"पाऊस कमी झाला की आमी खाचरात असतो, भाऊ. त्या दिसाची मजुरी तुमी देनार का?"

दीपकने मोबाइल पुसायला घेतला.

तेवढ्यात पत्र्यावरचा आवाज उतरला. मशीनवर हिरवा दिवा लागला. मनोज म्हणाला, आला, सिग्नल आला. अक्काबाईने पदराला अंगठा पुसून पुढे केला, तर दीपकने मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तिचं मनगट धरलं. असं नाही आजी, इकडे उजेडात या. पदर नीट घ्या. पिशवी पुढे धरा. सरिता ओरडत होती, आधी अंगठा घ्या. पण अक्काबाईला वाटलं, साहेब सांगतोय तर हाही कामाचाच भाग असेल. ती वळली, पिशवी धरली, हसली.

पत्रा पुन्हा कडाडला. अंगठा काचेवर टेकला तेव्हा मशीनवर नुसतं चक्र फिरत होतं.

सरिता मोबाइलच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "चालू हाय ना? मंग हे बी घे. माझ्या सासूच्या तोंडचा घास तुझ्या फोटोनं गिळला, पावसानं नाय. दाखव तुझ्या साहेबाला."

परतीच्या वाटेवर तिने सासूलाही सोडलं नाही. "हसलात कशाला?"

"त्यो म्हनला म्हनून," अक्काबाई म्हणाली. "वाटलं, हसल्याबिगर मिळत नसंल."

सरिताने तिच्या हातातली रिकामी पिशवी स्वतःकडे घेतली.

व्हिडिओत हिरवा दिवा आला, हसू आलं. सरिताचं बोलणं कंपनीच्या नाशकातल्या ऑफिसात कापलं गेलं. दीपकला काम मिळालं, त्याच लहान तबकड्यांचं. मनोजचा परवाना शाबूत राहिला. पुढच्या महिन्यात सरिताने उघडिपीच्या एका दिवशी आवणीवर खाडा केला आणि सासूला रांगेत उभं केलं. गेले ते तांदूळ अक्काबाईचे, आणि पुढचे जाऊ नयेत म्हणून बुडालेली मजुरी सरिताची.